परदेशात मुलाचं लसीकरण: कोण काय मागतं आणि कुठला डोस धरला जातो

परदेशात मुलाचा शाळाप्रवेश घ्यायला गेलं की जन्मदाखला, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा यांच्या जोडीला आणखी एक कागद मागतात: मुलाच्या लसींची नोंद. आईवडील या बाबतीत निर्धास्त असतात. सगळ्या लसी वेळेवर दिलेल्या, कार्ड जपून ठेवलेलं, त्यावर दवाखान्याचे शिक्के. आणि मग नर्स कार्ड वाचून सांगते की गोवराचा पहिला डोस धरता येणार नाही, हिपॅटायटिस बीचा अजून एक द्यावा लागेल, कांजिण्यांची लस तर दिसतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी राहिलं, नाहीतर इथल्या लोकांचा आपल्याकडच्या लसींवर विश्वास नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. प्रत्येक देश आपल्याकडचे आजार बघून वेळापत्रक ठरवतो, आणि मूल एका वेळापत्रकातून उठून दुसऱ्यात आलेलं असतं.

हा गुंता समजून घेतला तर दवाखान्याच्या थोड्याच फेऱ्यांत सुटतो. न समजता धावपळ केली तर मुलाला नको ते डोस पडतात, नाहीतर हवा तो राहून जातो.

आधी बघा, मागतंय कोण

‘या देशात लसी सक्तीच्या आहेत का?’ असं विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीच बरोबर असतात. कारण मागणारे वेगवेगळे असतात: व्हिसा देणारं खातं, शाळा किंवा पाळणाघर, अनुदान देणारं सरकार आणि मुलाचे डॉक्टर. या चौघांच्या याद्या एकसारख्या नसतात.

व्हिसापासून सुरुवात करू. अमेरिकेत एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) येणाऱ्या मुलाकडे व्हिसासाठी लसींचा पुरावा मागत नाहीत. तेच कुटुंब पुढे ग्रीन कार्डासाठी अर्ज करतं तेव्हा मात्र वयानुसार ठरलेल्या लसी लागतात, आणि सरकारने नेमलेला डॉक्टरच तपासणी करून आय-६९३ हा फॉर्म भरून देतो. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाची सही तिथे चालत नाही. सिंगापूरने १ फेब्रुवारी २०१९ पासून परदेशात जन्मलेल्या, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दीर्घ मुदतीच्या पासचा अर्ज करतानाच घटसर्प आणि गोवर या दोन लसींची पडताळणी बंधनकारक केली आहे. म्हणजे तिथे हे काम विमानात बसण्याआधीचं आहे. ब्रिटनच्या व्हिसाला मुलाच्या लसी लागत नाहीत. ठराविक देशांतून सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी लागते, पण ती तपासणी आहे, लस नव्हे. या दोन्हींची गल्लत फार जण करतात.

प्रवासाच्या बाबतीत, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमध्ये लसीच्या पुराव्यासाठी नाव घेऊन नमूद केलेला आजार एकच आहे, पीतज्वर. त्याच्या लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशांशी संबंध नसेल तर हा विषय तुमच्यासाठी इथेच संपतो.

खरा तगादा असतो तो शाळेचा. अमेरिकेत शाळेची अट केंद्र सरकार घालत नाही, राज्य घालतं. त्यामुळे एका राज्यात चाललेलं दुसऱ्यात चालेलच असं नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा करून वैयक्तिक किंवा धार्मिक कारणावरून मिळणारी सूट बंद केली, तो २०१६ पासून लागू झाला. न्यू यॉर्क राज्याने गोवराच्या साथीनंतर २०१९ मध्ये धार्मिक सूट काढून टाकली. नोकरी बदलून राज्य बदलणार असाल तर नव्या राज्याच्या आरोग्य विभागाची यादी आधी बघा. जुन्या शाळेने घेतलं म्हणून नवी घेईल, या भरवशावर राहू नका.

कॅनडातल्या ओंटारियोत एक बारीक गोष्ट नव्या पालकांच्या लक्षातच येत नाही. डॉक्टरांनी लस दिली म्हणजे शाळेला कळलं असं तिथे होत नाही. नोंद स्थानिक सार्वजनिक आरोग्य कार्यालयाला कळवायची जबाबदारी पालकांची असते. ती कळवली नाही तर लस झालेली असूनही मुलाला शाळेतून २० शालेय दिवसांपर्यंत घरी बसवण्याचा आदेश निघू शकतो. २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तिथे कांजिण्यांची लसही लागते.

जर्मनीने १ मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा कायदा लागू केला. पाळणाघरात किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यावर किमान एक आणि दोन वर्षांनंतर दोन डोस झाल्याचं दाखवावं लागतं. पाळणाघर पुराव्याशिवाय मुलाला घेतच नाही. शाळेला तसं करता येत नाही, कारण शालेय शिक्षण सक्तीचं आहे. तिथे प्रकरण आरोग्य कार्यालयाकडे जातं आणि २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही मुलांसाठीची ही अट कायम ठेवली. इटलीत २०१७ च्या कायद्याने दहा लसी सक्तीच्या झाल्या आणि तिथेही असाच फरक आहे: सहा वर्षांखालच्या मुलाला बालवाडीत प्रवेश नाही, त्यापुढच्या मुलाला शाळा नाकारत नाहीत पण पालकांना दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना अकरा आजारांच्या लसी बंधनकारक आहेत, आणि २०२५ पासून मेनिंगोकोकसच्या (मेंदूज्वर करणारा जिवाणू) एसीडब्ल्यूवाय आणि बी या लसींची सक्ती आली. कागद अपुरे असतील तर फ्रान्समध्ये मुलाला तात्पुरता प्रवेश देऊन तीन महिन्यांची मुदत देतात. ही मुदत मागून घ्यायला अजिबात संकोच करू नका, ती त्यासाठीच असते.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथे १ जानेवारी २०१६ पासून लसीकरण पूर्ण नसेल तर पाळणाघराचं आणि कुटुंबाचं ठराविक सरकारी अनुदान मिळत नाही. शिवाय व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स यांसारख्या राज्यांचे पाळणाघर आणि बालवाडीच्या प्रवेशाचे स्वतःचे नियम आहेत. तात्पुरत्या व्हिसावर असल्यामुळे अनुदान मिळत नाही म्हणून अट आपल्याला लागू नाही असं समजणारे पालक या दुसऱ्या नियमात अडकतात. तिथे सगळं राष्ट्रीय लसीकरण नोंदवहीवर चालतं. परदेशातले डोस त्यात डॉक्टर किंवा नर्स भरून देतात. तुमच्या हातातलं कार्ड कितीही पूर्ण असलं तरी नोंदवहीत उतरेपर्यंत त्या यंत्रणेच्या लेखी मूल बिनलसीचं असतं.

ब्रिटन आणि जपानमध्ये सक्ती नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेकडून मुलांच्या नेहमीच्या लसी मोफत मिळतात, त्यासाठी जवळच्या डॉक्टरांकडे मुलाचं नाव नोंदवावं लागतं. जपानने १९९४ मध्ये सक्ती काढली, पण नगरपालिका तिथे राहणाऱ्या परदेशी मुलांनाही लसींचे फॉर्म घरपोच पाठवते आणि डोस माता-बाल आरोग्य पुस्तिकेत लिहिले जातात. ते पाकीट जपानी भाषेत असतं म्हणून जाहिरातींच्या कागदांबरोबर टाकून दिलं, असं घडतं. नगरपालिकेच्या शिक्क्याचं कुठलंही पाकीट न उघडता टाकू नका.

सक्तीची यादी म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. जर्मनीत कायदा फक्त गोवराचा पुरावा मागतो. तेवढाच डोस देऊन थांबलं तर बाळ डांग्या खोकल्याला उघडं राहतं, आणि अगदी लहान बाळाचा तो खोकला जिवावर बेतू शकतो. शाळेची यादी प्रवेशासाठी असते, मुलासाठीची यादी त्या देशाच्या शिफारशीच्या वेळापत्रकात असते. दुसरी धरून चाला, पहिली आपोआप पूर्ण होते.

वेळापत्रकं वेगळी का?

सगळ्यात जास्त घोळ गोवराच्या लसीचा होतो, म्हणून तोच नीट बघू. आईच्या शरीरातली प्रतिपिंडं गर्भात असतानाच बाळाकडे येतात. ती बाळाचं रक्षण करतात, पण लसीतल्या जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. महिने जातात तशी ती ओसरतात. म्हणून नऊ महिन्यांच्या सुमारास दिलेली लस साधारण ८५ टक्के बाळांमध्ये लागू पडते, तर बाराव्या महिन्यात दिली तर ९५ टक्क्यांमध्ये. मग नवव्या महिन्यात देतातच कशाला? कारण जिथे गोवर सतत फिरत असतो तिथे वर्षाखालच्या बाळांना तो होतो आणि त्यात बाळं दगावतात. तिथे तीन महिने थांबणं महाग पडतं. भारतात म्हणूनच गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांनी पहिला डोस वर्षानंतर ठेवला आहे, आणि वर्षाआधी दिलेला डोस ते मोजत नाहीत. तो वाया गेलेला नसतो. त्या काळात त्याने मुलाला सांभाळलेलं असतं, फक्त पुढच्या हिशेबात त्याला जागा नसते.

याच कारणामुळे अमेरिकेत सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाला निघण्याआधी गोवराचा एक जादा डोस देण्याची पद्धत आहे. सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला बाळाला घेऊन जाणार असाल तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. तोही डोस नंतरच्या दोन डोसांमध्ये धरत नाहीत.

आता बीसीजी. ही लस तान्ह्या मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, म्हणून क्षयरोग जास्त असलेल्या देशांत जन्मतःच देतात. अमेरिका आणि नेदरलँड्सने ती सरसकट कधीच दिली नाही. ब्रिटनने शाळकरी मुलांना सरसकट देणं २००५ मध्ये थांबवलं, पण ज्या बाळाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मले आहेत त्याला ती देऊ करतात. म्हणजे ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अनेक भारतीय बाळांना ही लस मिळू शकते. प्रसूतीनंतर कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

कांजिण्यांचं चित्र याहून वेगळं आहे. अमेरिकेत ही लस १९९५ पासून आहे आणि शाळेसाठी मागतात. ब्रिटनने ती सगळ्या मुलांच्या वेळापत्रकात आणली जानेवारी २०२६ मध्ये. भारताच्या सरकारी कार्यक्रमात ती नाही, खासगी बालरोगतज्ज्ञ देतात. जपानमध्ये जपानी मेंदूज्वराची लस नेहमीच्या वेळापत्रकात आहे, युरोपात तिची गरजच नाही. यात कुणी पुढारलेलं आणि कुणी मागासलेलं असं काही नाही.

कुठला डोस धरतात, कुठला नाही

भारतातल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे सगळं पूर्ण झालेलं पाच वर्षांचं मूल अमेरिकेत शाळेत जायला निघालं आहे असं समजा. त्याच्या कार्डाचं काय होतं, ते एकेक ओळ घेऊन बघू.

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात: सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांची एकत्र लस) तीन डोस, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत बूस्टर. हे छान जुळतं. पेंटाव्हॅलंटमधला डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असला तरी तो चालतो. अडचण एवढीच की अमेरिकेतल्या नर्सला ‘पेंटा-१’ या शब्दाचा अर्थ माहीत नसतो. त्यात डीटीपी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू) अशा तिन्हींचे घटक आहेत, हे कार्डाच्या भाषांतरात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर एका टोचणीतल्या तीन लसींपैकी दोन हिशेबातून गळतात.

हिपॅटायटिस बी: जन्मतः एक आणि पेंटाव्हॅलंटमधून तीन, असे चार डोस झालेले दिसतात. तरी अमेरिकेत पाचवा मागतात, आणि पालक इथे हटकून वैतागतात. तिथल्या नियमाप्रमाणे शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यानंतरच पडलेला असला पाहिजे. आपला शेवटचा डोस चौदाव्या आठवड्यातला असतो. डोसांची संख्या पुरेशी, वय कमी.

पोलिओ: यामागे एक मोठी घटना आहे. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. त्यातला दुसरा जगातून हद्दपार झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि एप्रिल २०१६ मध्ये जगभर तोंडावाटे द्यायच्या थेंबांतून तो प्रकार काढून टाकण्यात आला. तेव्हापासूनचे थेंब पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारापासूनच वाचवतात. अमेरिका तिन्ही प्रकारांचं संरक्षण मागते, त्यामुळे १ एप्रिल २०१६ नंतरचे थेंब तिथे मोजत नाहीत. टोचून दिलेली पोलिओची लस, म्हणजे आयपीव्ही, मोजतात. भारतात आयपीव्हीचा छोटा डोस त्वचेत देतात आणि तो कार्डावर वेगळा लिहिलेला असतो. ती नोंद डॉक्टरांना मुद्दाम दाखवा आणि तिथून पुढे किती डोस लागतील ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. पल्स पोलिओच्या रविवारी घेतलेले असंख्य थेंब मात्र या हिशेबात येत नाहीत.

गोवर, रुबेला, गालगुंड: भारतात सरकारी कार्यक्रमात एमआर देतात, त्यात गालगुंड नाही. परदेशात बहुतेक ठिकाणी एमएमआर, म्हणजे तिन्ही. जपानमध्येही नेहमीची लस एमआरच आहे, तिथून आलेल्या मुलांनाही हाच प्रश्न येतो. आपल्या या मुलाचा नवव्या महिन्यातला एमआर बाद झाला, दीड वर्षाचा गोवर-रुबेलासाठी धरला, गालगुंडाचा एकही नाही. म्हणून त्याला एमएमआरचे दोन डोस मिळतात. खासगी दवाखान्यात लसी घेतल्या असतील तर कार्डावर एमएमआर असण्याची शक्यता बरीच, तेव्हा आधी कार्ड बघा.

कांजिण्या तर नव्याने द्याव्याच लागतात, किंवा आजार होऊन गेल्याचा पुरावा द्यावा लागतो.

एकूण काय, अमेरिकेत या मुलाला आणखी काही टोचण्या पडतील. त्यातल्या बऱ्याच एकाच दिवशी देता येतात, आणि तसं करणं सुरक्षित आहे.

तारखेचा घोळ

कार्डावरची तारीख हा सगळ्यात स्वस्तात टाळता येणारा त्रास आहे. समजा मूल १२ जून २०२१ ला जन्मलं आणि त्याला एमएमआरचा डोस ६ जुलै २०२२ ला मिळाला. कार्डावर डॉक्टरांनी ६/७/२०२२ लिहिलं. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे तिथली नर्स वाचते ७ जून २०२२. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी. तिथला नियम चार दिवसांपर्यंत सूट देतो, पाच दिवसांना नाही. चांगला, पूर्ण ग्राह्य डोस एका तिरप्या रेघेमुळे बाद. उलटही होतं: बाद व्हायला हवा तो डोस तारीख उलटी वाचल्यामुळे चालून जातो, आणि मूल अर्धवट संरक्षित राहतं. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून एक स्वतंत्र पत्र घ्या, त्यात महिन्याचं नाव अक्षरात, लसीचं पूर्ण नाव, जमलं तर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर, मुलाची जन्मतारीख आणि पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. कार्डावर ‘बेबी ऑफ’ अमुक असं लिहिलेलं असतं, नावच नसतं. हेही त्या पत्रात दुरुस्त करून घ्या.

तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. अमेरिकेचा नियम सरळ आहे: तारखेसह लेखी नोंद असेल तरच डोस झाला असं समजायचं, आणि त्याला अपवाद अगदी थोडे. शाळेत मोहिमेत दिलेली लस, गावाकडच्या आरोग्य केंद्रात घेतलेली लस, यांची नोंद कार्डावर चढवून घ्यायला विसरू नका. कार्डाचे सगळ्या पानांचे फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड सामानात न टाकता हातातल्या पिशवीत घ्या. भाषांतराबद्दल सांगायचं तर, इंग्रजीत असलेलं कार्ड अनेक देशांत तसंच चालतं. ऑस्ट्रेलियात परदेशी नोंदींच्या भाषांतराची मोफत सरकारी सोयही आहे. पैसे भरून नोटरी करून आणण्याआधी शाळेला किंवा दवाखान्याला विचारून घ्या.

कार्डच हरवलं असेल तर

आधी जिथे लस दिली तिथे फोन करा. दवाखान्यांकडे, आरोग्य केंद्राकडे रजिस्टर असतं, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी संगणकातही नोंद असते. तिथून काहीच मिळालं नाही तर दोन मार्ग राहतात. गोवर, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांची प्रतिपिंडं रक्तातून तपासता येतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो अहवाल चालतो. जर्मनीत गोवरासाठी तो कायद्यातच मान्य आहे. डांग्या खोकल्यासाठी मात्र अशी भरवशाची तपासणी नाही. दुसरा मार्ग म्हणजे सरळ पुन्हा लस देणं.

पुन्हा दिली तर अपाय होईल का, ही भीती साहजिक आहे. एमएमआर, कांजिण्या, पोलिओ, हिपॅटायटिस बी यांचा एखादा जादा डोस पडला तर त्याने नुकसान होत नाही. धनुर्वात आणि घटसर्पाच्या बाबतीत थोडं जपायला हवं, कारण कमी काळात फार डोस झाले तर दंड खूप सुजतो आणि दुखतो. म्हणून या लसीच्या जुन्या तारखा शोधायला जास्त मेहनत घ्या. रक्त तपासायचं की लस द्यायची, हे मी मुलाच्या वयावर सोडेन: दोन वर्षांच्या मुलाची शीर शोधण्यापेक्षा एक टोचणी सोपी, पण बारा वर्षांच्या मुलाला एका तपासणीत चार टोचण्या वाचणार असतील तर तपासणी बरी.

मधे खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यापायी लोक दवाखान्यात जायचंच टाळतात. दोन डोसांमध्ये कमीत कमी अंतर पाळावं लागतं, जास्तीत जास्त अंतराची अशी अडचण नसते. तिसरा डोस दोन वर्षं उशिरा झाला तरी तो तिसराच. अंतराचा एक नियम पालकांनीही लक्षात ठेवावा: एमएमआर आणि कांजिण्यांसारख्या टोचून द्यायच्या जिवंत विषाणूंच्या लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर २८ दिवसांचं अंतर ठेवावं. निघण्याच्या गडबडीत एक लस इथे दिली आणि दोन आठवड्यांनी दुसरी तिथे, असं झालं की दुसरी बाद होते.

काही लसींची वेळ मात्र निघून जाते. रोटाव्हायरसच्या (बाळांना जुलाब करणारा विषाणू) लसीचा पहिला डोस अमेरिकेत १५ आठवडे पूर्ण व्हायच्या आत द्यावा लागतो, कारण मोठ्या बाळात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा दुर्मीळ धोका असतो. भारतात ही मर्यादा एक वर्षाची आहे. पाच महिन्यांचं बाळ घेऊन अमेरिकेत गेलात आणि ही लस दिली गेली नाही, तर डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत, नियम पाळत आहेत. तसंच, हिबची लस पाच वर्षांवरच्या निरोगी मुलाला लागत नाही. जुनी कमतरता दिसते म्हणून ती भरून काढायचा आग्रह धरू नका.

बीसीजीचा वण आणि क्षयरोगाची चाचणी

दंडावरचा बीसीजीचा वण पाहून परदेशातली शाळा किंवा डॉक्टर क्षयरोगाची चाचणी करायला सांगतात, आणि घरात घबराट पसरते. ज्या देशात क्षयरोग जास्त आहे तिथून आलेल्या मुलाची चाचणी करणं हा तिथला नेहमीचा भाग आहे. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी बघायची त्वचेची चाचणी बीसीजी घेतलेल्या मुलात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातून करायची आयजीआरए चाचणी बीसीजीमुळे चुकत नाही. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की मुलाला बीसीजी झाली आहे आणि रक्ताची चाचणी मागा. त्वचेची चाचणी आली पॉझिटिव्ह, काढला एक्स-रे, सुरू झाली औषधं, ही सगळी साखळी एका वाक्याने टळू शकते. मात्र रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती गांभीर्याने घ्या, ‘बीसीजीमुळे आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आणि एमएमआर द्यायची असेल तर क्षयरोगाची चाचणी त्याच दिवशी करावी, नाहीतर चार ते सहा आठवडे थांबावं. गोवराच्या लसीनंतर काही काळ ही चाचणी खोटी निगेटिव्ह येण्याची शक्यता असते.

सूट कुणाला?

वैद्यकीय कारणाची सूट सगळीकडे आहे. एखाद्या लसीच्या आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी झाली असेल, मुलाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खालावलेली असेल, तर डॉक्टर तसं लिहून देतात. साधी सर्दी, हलका ताप ही कारणं नव्हेत. धार्मिक किंवा वैयक्तिक कारणावरची सूट काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही.

ज्यांना कागदी सूट घेऊन मोकळं व्हायचं आहे त्यांना मी कळकळीने सांगेन, नका घेऊ. गोवराचा एक रुग्ण, लस न झालेल्या वस्तीत, सरासरी १२ ते १८ जणांना तो देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. त्याला थोपवायचं तर साधारण ९५ टक्के मुलांना दोन डोस झालेले लागतात. आणि दोन डोसांनंतर संरक्षण मिळतं ते ९७ टक्क्यांच्या आसपास. ज्या मुलाला आजारामुळे खरंच लस देता येत नाही, ते मूल तुमच्या मुलाच्या शेजारच्याच बाकावर बसलेलं असू शकतं.

परत जाताना

परदेशात जन्मलेलं बाळ घेऊन भारतात परतणाऱ्यांचा हिशेब उलटा असतो. बीसीजी झालेली नसते. टायफॉइडची लस झालेली नसते. ज्या जिल्ह्यात जाणार तिथे जपानी मेंदूज्वर आहे का, हे बघावं लागतं. गोवर-रुबेला, हिपॅटायटिस बी बहुधा पूर्ण असतात. परतल्यावर पहिल्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना पूर्ण नोंद दाखवा, आजारी पडण्याची वाट बघत बसू नका.

आणि कुठलाही देश सोडताना तिथली नोंद हातात घेऊनच निघा. अमेरिकेत राज्याच्या नोंदवहीतून, ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय नोंदवहीतून छापील उतारा मिळतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरांकडून लसींची यादी छापून घ्या, कारण बाळाच्या आरोग्यनोंदीच्या लाल पुस्तकात प्रत्येक डोस लिहिलेला असेलच असं नाही. जर्मनीत पिवळं लसपुस्तक तुमच्याकडेच असतं. घर सोडलं, फोन नंबर बंद झाला की ऑनलाइन खात्यात शिरायचा कोडही त्या बंद नंबरवरच जात राहतो, म्हणून हा उतारा निघायच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधीच काढून ठेवा.